शेवटचा हात मारण्याआधी

भिंगरीला त्वचेच्या डॉक्टरांपेक्षा त्यांच्या खुर्चीचा जास्त राग आला. चाकांची खुर्ची होती ती. मनात आणलं असतं तर जागचं न उठता, नुसता एक पाय रेटून, डॉक्टर गडगडत बाबांपर्यंत पोचले असते. तेवढीही तसदी त्यांनी घेतली नाही. टेबलापलीकडूनच म्हणाले, "शर्ट जरा वर करा." बाबांनी शर्ट वर केला, डॉक्टरांनी चष्मा वर केला, आणि दोघांनीही आपापली वस्तू लगेच खाली केली.

"काम काय करता?"

"फर्निचरला पॉलिश करतो."

"मग झालं तर!" कोड्याचं उत्तर मागच्या पानावर छापलेलं सापडावं तसे डॉक्टर खूश झाले. "थिनर, स्पिरिट, लाख. सोसत नाही तुमच्या कातडीला. ॲलर्जी आहे. काम बंद करा, हे क्रीम रोज दोनदा लावा, महिन्याने येऊन दाखवा."

आई मान डोलवत उठली. बाबा "थँक्यू डॉक्टर" म्हणत उठले. भिंगरी उठली नाही.

आता ही भिंगरी म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. तिला घरीदारी सगळे भिंगरीच म्हणायचे, खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. पण गेल्या वर्षापर्यंत ही भिंगरी नुसती घरातच फिरायची. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही, दुकानात सुट्टे पैसे मागायलाही लाजायची. मग शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत कोणाचा तरी घसा बसला, बाईंनी ऐन वेळी हिला मंचावर ढकललं, आणि हिला स्वतःचा आवाज सापडला. तो बंद कसा करायचा, हे मात्र त्यानंतर घरात कोणालाच सापडलं नव्हतं.

"डॉक्टर, तुम्ही हात लावून नाही बघणार?"

आईने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"बाळ, आम्हाला नजरेनेच कळतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बेल दाबली. पुढचा पेशंट आत आला. बाबांच्या पाठीवरचा शर्ट अजून नीट खाली झालाही नव्हता.

*

बाबांचा आणि सुतारकाकांचा मिळून एक गाळा होता. पुढच्या भागात सुतारकाकांची करवत, रंधा, भुसा, आरडाओरडा. मागच्या भागात बाबा. मध्ये एक जुनी चादर पडद्यासारखी टांगलेली. सुतारकाका लाकडाला आकार द्यायचे आणि बाबा त्याला तेज आणायचे. पॉलिशपेपरने घासायचं, पुट्टीने भोकं बुजवायची, पुन्हा घासायचं, मग मऊ कापडात कापूस गुंडाळून केलेल्या बोळ्याने एकावर एक हात मारायचे. आधी गोल गोल, मग लांब, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. बाबा एरवी मुंगीलाही बाजूने जायला जागा देणारे. पण त्या चादरीबाबत ते कोणाचं ऐकायचे नाहीत. शेवटचा हात मारून होईपर्यंत चादरीच्या आत कोणी यायचं नाही. सुतारकाकांनीही नाही, भिंगरीनेही नाही, गिऱ्हाइकाने तर नाहीच.

एकदा एक साहेब आपलं टेबल एक दिवस आधीच बघायला आले होते. बाबा चादरीसमोर हात पसरून उभे राहिले.

"अहो, माझंच टेबल आहे!"

"उद्या तुमचं, साहेब. आज माझं."

हा किस्सा सुतारकाका येईल त्याला सांगायचे आणि प्रत्येक वेळी त्यात साहेब थोडे जास्त चिडायचे. भिंगरीला तो फार आवडायचा. अभिमान वाटायचा तिला. पुढे याच गोष्टीवर आपली तळपायाची आग मस्तकात जाणार आहे, हे तिला कुठे माहीत होतं!

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाबांनी काम बंद केलं. घरी बसून राहायचे. सुतारकाका बिचारे स्वतःच पॉलिश करू लागले, आणि त्यांनी केलेलं स्टूल घरी आलं तेव्हा बाबांनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं. शिक्षा केल्यासारखं.

काम सुटलं, डाग सुटले नाहीत. खाज तर अशी की बाबा दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहायचे. पण गंमत बघा, महिन्याने तपासणीला गेले की डाग फिके पडलेले असायचे. डॉक्टर म्हणायचे, "बघा, उतार आहे." घरी परत आलं की आठवड्याभरात पुन्हा येरे माझ्या मागल्या. आणि दर खेपेला आधीपेक्षा थोडे जास्त.

"दवाखान्याच्या दारात दुखरा दातही गप्प होतो, तसंच हे," आई म्हणायची.

भिंगरीने हट्टच धरला तेव्हा डॉक्टरांनी एकदा कातडीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं, काही विशेष नाही, जुना एक्झिमा दिसतो. डॉक्टरांनी तो कागद बाबांना दिलाच नाही, थेट भिंगरीपुढे धरला. "झालं समाधान, मॅडम?"

मॅडमचं समाधान झालं नव्हतं. पण उत्तर सुचत नव्हतं, आणि भिंगरीला उत्तर न सुचणं म्हणजे काय ते घरच्यांनाच विचारा. ते सुचलं चहाच्या वेळी. बाबांनी तिच्यापुढे कप सरकवला आणि ती त्यांच्या हाताकडे बघतच राहिली. लख्ख हात. बोटं स्वच्छ, मनगट स्वच्छ, कोपरापर्यंत एक डाग नाही.

"बाबा, पॉलिश कुठे लागतं?"

"लाकडाला."

"आणि तुम्हाला?"

"हाताला. काय वेड्यासारखं विचारतेस?"

"मग डाग कमरेला का? पाठीला का? पॉलिश काय पँटच्या आत लावत होता तुम्ही?"

आईला ठसका लागला. बाबा कानापर्यंत लाल झाले. "गप्प बस. मोठ्या डॉक्टरांना कळत नाही आणि तुला कळतं?" एवढं बोलून ते उठून आत गेले. पण जाताना त्यांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले, ते भिंगरीने बघितलं.

*

त्याच आठवड्यात आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मनाने वाईट नाही, पण तोंडाने "मी कुठे काय म्हणतेय" असं म्हणत हवं ते सगळं म्हणून टाकणारी. आल्या आल्या तिने पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, बाबांच्या नेहमीच्या खुर्चीवर पसरलं आणि मग त्यावर बसली.

"आत्या, खुर्ची ओली नाहीये," भिंगरी म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतेय! पण आपलं जपलेलं बरं. घरात लहान नातवंडं आहेत माझ्या." मग आईकडे वळून, हळू आवाजात, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याच हळू, "याचा टॉवेल वेगळा ठेवतेस ना गं?"

बाबा दारातच उभे होते. वर केलेल्या बाह्या त्यांनी खाली केल्या. हातावर एक डाग नव्हता, तरी खाली केल्या आणि बटणं लावली.

भिंगरी उठली, मोरीतून बाबांचा टॉवेल घेऊन आली आणि आत्यासमोर उभी राहून त्याने खसाखसा तोंड पुसलं. कपाळ, गाल, मान, सगळं. मग तो टॉवेल गळ्यात घालून बिस्किट खायला बसली.

"कार्टी बिघडली आहे," आत्या म्हणाली.

"वक्तृत्व स्पर्धेपासून," आई म्हणाली. पण आत्या गेल्यावर आईने ते वर्तमानपत्र चुरगळून कचऱ्यात टाकलं आणि म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. तिथे एक बाई आहेत म्हणे, कातडीच्याच."

*

जायच्या दिवशी सकाळी बाबा घरात नव्हते. "गाळ्यावर असतील, जा बोलावून आण," आई म्हणाली. भिंगरी पळत सुटली. सुतारकाका अजून आले नव्हते. चादरीमागून दिवा दिसत होता. दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि मग ज्या चादरीच्या आत ती जन्मात गेली नव्हती ती तिने बाजूला केली.

आत एक अर्धवट कपाट उभं होतं, दाराला मोठा आरसा बसवलेला. आरशासमोर बाबा, अंगावर नुसती हाफ पँट. भिंगरीला त्यांची पाठ समोर दिसत होती आणि पोट आरशात. कमरेपासून मांड्यांपर्यंत, पाठीच्या खालच्या भागावर, बगलेत, लाल-जांभळे चट्टे. काही सपाट, काही जाड, कडा उचललेल्या. इतकं सगळं! शर्टाच्या आत इतकं सगळं होतं आणि आपण ॲलर्जी ॲलर्जी म्हणत चहा पीत होतो?

पण तिचं लक्ष गेलं ते बाबांच्या हाताकडे. हातात बोळा होता. पॉलिशचा बोळा, नवा, मऊ कापडाचा. शेजारी पॉलिशच्या रिकाम्या डब्यात क्रीमच्या ट्यूबा. बाबा चट्ट्यांवर क्रीमचे हात मारत होते. आधी गोल गोल, मग लांब.

"बाबा!"

बोळा खाली पडला. "आत यायचं नाही, सांगितलंय ना तुला!"

"हे काय करताय?"

"क्रीम लावतोय. डॉक्टरांनीच दिलंय."

"डॉक्टरांनी रोज दोनदा सांगितलंय. रोज लावता?"

बाबा पँट सारखी करत राहिले.

"नाही लावत! महिनाभर अंग खाजवत बसता आणि तपासणी जवळ आली की इथे येऊन रोज दणादण थर चढवता. म्हणून तिथे उतार! तो तुकडा काढला तेव्हा?"

"तेव्हा तर..." बाबा चाचरले. "तेव्हा जरा जास्तच लावलं होतं. ते जवळून बघणार होते ना."

"पण का?"

"का म्हणजे? चार चांगल्या माणसांसमोर कपडे काढायचे. ते स्वच्छ, शिकलेले. असं सोललेलं, खपल्या पडणारं अंग त्यांच्या टेबलापुढे न्यायचं? आपल्याला काही रीत आहे की नाही?"

"ते डॉक्टर आहेत, बाबा! गिऱ्हाईक नाहीत!"

हे इतक्या जोरात निघालं की कपाटाचा आरसा थरथरला असं तिला वाटलं. बाबा खाली वाकून बोळा उचलत राहिले, त्यावरचा भुसा झटकत राहिले. राग कोणावर काढावा हे भिंगरीला कळेना. या माणसावर, ज्याने स्वतःलाच अर्धवट फर्निचरसारखं चादरीमागे ठेवलं? की त्या चाकाच्या खुर्चीवर, जिने इतक्या महिन्यांत एकदाही "घरून काय लावून आलात" एवढं साधं विचारलं नाही?

"आईला सांगू नकोस," बाबा म्हणाले. "आणि तिथे तोंड उघडायचं नाही. शपथ घे."

"नाही घेत," भिंगरी म्हणाली.

*

हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंची वेणी गुडघ्यापर्यंत होती, त्यामुळे घरी त्यांचं नाव वेणीवाल्या डॉक्टर असंच पडलं. त्यांनी जुने कागद बघितले आणि विचारलं, "सध्या काही लावताय अंगाला?"

"नाही," बाबा म्हणाले. "नुसतं तेल. कधीमधी."

भिंगरी उभी राहिली. मंचावर उभी राहायची तशीच, हात बाजूला, हनुवटी वर. "डॉक्टर, हे खोटं आहे. माझे बाबा पॉलिशवाले आहेत आणि दर तपासणीला ते स्वतःला पॉलिश करून आणतात. आजही करून आणलंय."

आईने तोंडावर हात ठेवला. बाबांनी डोळे मिटले. वेणीवाल्या डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं, स्टूल ओढलं, त्यांना ते चांगलंच जड गेलं, आणि बाबांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असं येऊन बसल्या. मग बोटांनी एकेक चट्टा चाचपत राहिल्या. बगल, मान, जांघ, सगळीकडे. भिंगरीला रडू आलं. हात लावला की! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हात लावला.

"आधी कोणी विचारलं नाही तुम्हाला, काय लावता म्हणून?"

"नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

"नाही."

"दोघंही धन्य," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज चढलेला होता. "अहो, हे क्रीम वरची आग विझवतं आणि आतलं झाकून टाकतं. मग तुकडा काढून काय कपाळ दिसणार? मला एक शंका आहे, पण शंकेवर मी बोलणार नाही. तीन आठवडे अंगाला काही लावायचं नाही. मग मी चार ठिकाणचे तुकडे घेते. आणि मध्ये कुठे गाठ आली, काही फुटलं, तर तारखेची वाट बघत बसायचं नाही. सरळ यायचं."

घरी जाताना बाबा पुढे चालत होते आणि भिंगरी मागे. आई मधोमध.

*

क्रीम बंद झालं आणि बाबांच्या अंगाने जणू बांध फोडला. चट्टे जाड झाले, एकमेकांना मिळाले. अंथरूण झटकलं की खपल्यांचा भुगा पडायचा. बाबा खाजवून खाजवून रक्त काढायचे. भिंगरीने गाळ्यातला डबा रिकामा करून सगळ्या ट्यूबा आपल्या दप्तरात कोंबल्या होत्या, आणि गणिताच्या तासालाही दप्तर मांडीवरून खाली ठेवत नव्हती.

आणि मग सगळे तिच्यावर तुटून पडले.

"बरं चाललं होतं माणसाचं," आत्या म्हणाली. या वेळी तिने खुर्चीवर दोन वर्तमानपत्रं घातली होती. "हिच्या तोंडापायी झालं हे. मी कुठे काय म्हणतेय, पण पोरीच्या सांगण्यावरून कोणी औषध बंद करतं?"

"भिंगरे, बापाला हातचा घालवशील गं," सुतारकाका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे तिला भांडताही येईना.

सगळ्यात वाईट म्हणजे आई. ती भांडी घासता घासता थांबली, ओला हात पुढे केला आणि म्हणाली, "दे ते क्रीम. मला बघवत नाही आता."

भिंगरीने दप्तर उघडलं. खरंच उघडलं. आपण काय केलं हे? आपल्याला काय कळतं? एक भाषण ठोकता आलं म्हणजे डॉक्टरकी आली का? ट्यूब तिच्या हातात होती, आईचा हात समोर होता.

"भिंगरे," आतून बाबांचा आवाज आला. "इकडे ये. एकटी ये."

बाबा पलंगावर एका कुशीवर कलून बसले होते. बरगडीखालच्या चट्ट्यावर एक गाठ उठलेली होती. बोराएवढी, लाल, चकचकीत. "ही परवा नव्हती," ते म्हणाले. "आणि जांघेत पण काहीतरी हाताला लागतंय." मग तिच्या हातातल्या ट्यूबकडे बघून म्हणाले, "ते ठेव आत. आता हे काही झाकायचं काम राहिलं नाही."

"उद्या जायचं?"

"आजच जाऊ." जवळजवळ पंधरा दिवसांनी ते तिच्याशी सरळ बोलत होते. ट्यूब तिने दप्तरातच टाकली, आईला दिली नाही.

*

तुकड्यांचं उत्तर येईपर्यंत ती गाठ लिंबाएवढी झाली आणि तिचं तोंड फुटलं. मांडीवर दुसरी आली. वेणीवाल्या डॉक्टरांनी तिघांनाही बसवलं. "मुलीला बाहेर बसवायचं का?" त्यांनी विचारलं. "नको," बाबा म्हणाले. "तिनेच आणलंय मला."

"हा त्वचेतला लिम्फोमा आहे. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी, ज्यांनी राखण करायची, त्याच कातडीत बसून कॅन्सर झाल्या आहेत. दुर्मीळ आहे. सुरुवातीला एक्झिमासारखाच दिसतो. पुष्कळ लोकांत तो वर्षानुवर्षं हळूहळू चालतो, चट्ट्यांवर उपचार करत माणूस आपलं आयुष्य काढतो." त्या थांबल्या. "तुमचा तसा राहिला नाही. पेशींनी रूप बदललंय. आता तो जोरात निघालाय, आणि जांघेतल्या गाठीतही पोचलाय."

मग त्यांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, मायकोसिस फंगॉइडिस.

"फंगस?" भिंगरी ताडकन म्हणाली. "म्हणजे बुरशी?"

"नावात आहे, आजारात नाही. पूर्वी कोणाला तरी गाठी अळंब्यांसारख्या दिसल्या."

"कॅन्सरला बुरशीचं नाव? कोणाचं डोकं हे?" एवढ्यातही तिला संताप आलाच. मग म्हणाली, "आत्याला हे नाव सांगायचं नाही. ती घरभर पेपर पसरेल."

बाबांना हसू आलं. आईला हुंदका. भिंगरीला मात्र वेगळंच विचारायचं होतं. मंचावर सापडलेला तो आवाज कुठे गेला कोण जाणे. "डॉक्टर... क्रीम बंद केल्यामुळे झालं का हे?"

"नाही," वेणीवाल्या डॉक्टर म्हणाल्या, तिच्याकडे सरळ बघून. "क्रीम बंद केल्यामुळे दिसलं."

"आणि आधी दिसलं असतं तर?"

त्यांनी तुकड्यांचा कागद मिटून ठेवला. "कदाचित उपचार सोपे झाले असते. नक्की कोणी सांगू शकत नाही."

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर भिंगरी गणवेशातच त्या पहिल्या डॉक्टरांकडे गेली. पेशंट नव्हते. डॉक्टर चाकाच्या खुर्चीत रेलून चहा पीत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला हे कबूल करायला हवं. पण मग ते म्हणाले, "फार दुर्मीळ असतं हे, बाळ. शिवाय क्रीम लावून यायचे ते. कोणीही चुकलं असतं."

"तुम्ही चुकला नाहीत, डॉक्टर. चुकायला आधी बघावं लागतं."

आणि जाताना तिने त्या खुर्चीला असा एक धक्का दिला की ती डॉक्टरांसकट गडगडत पेशंटच्या स्टुलापर्यंत गेली. "बघा," ती म्हणाली, "एवढंच अंतर होतं."

*

उपचार सुरू झाले. सलाइनमधून औषधं, गाठींवर किरणं. बरगडीची गाठ बसली तेव्हा सुतारकाकांनी गाळ्यात सगळ्यांना चहा पाजला. पुढच्याच आठवड्यात खांद्यावर नवी आली. बाबांचे केस गेले, भुवया गेल्या. बाबा म्हणायचे, "घासकाम चाललंय. चांगलं घासल्याशिवाय पॉलिश धरत नाही." भिंगरी हसायची आणि मग मोरीत जाऊन बादलीला लाथ मारायची. इतकं चिडून काय होणार, असं आई विचारायची. काही होणार नव्हतं. पण न चिडता तरी काय होणार होतं?

अशातच एक दिवस वेणीवाल्या डॉक्टर म्हणाल्या, "एक विनंती आहे. माझ्याकडे शिकाऊ डॉक्टरांची तुकडी आहे. असा पेशंट त्यांना पुस्तकातच बघायला मिळतो. तुमची हरकत नसेल तर..."

"हरकत आहे!" भिंगरी उसळली. "माझे बाबा काय प्रदर्शनातलं कपाट आहेत? दहा जण येणार, बघणार, वह्या मिटणार आणि जाणार? बघायचं होतं तेव्हा कोणी बघितलं नाही, आणि आता रांग लावणार?"

डॉक्टर म्हणाल्या, "तुमची इच्छा. मी पुन्हा विचारणार नाही."

बाबा पलंगाभोवतीच्या हिरव्या पडद्याकडे बघत होते. खांद्यावरची गाठ फुटलेली होती, पट्टीतून ओल आली होती. चट्टे गळ्यापर्यंत चढले होते. इतकं अर्धवट, इतकं ओबडधोबड काम त्यांनी उभ्या जन्मात कोणाला दाखवलं नसेल.

"येऊ देत," ते म्हणाले.

"बाबा!"

"उद्या यांच्यातला एखादा कुठेतरी दवाखाना थाटून बसेल. खुर्चीवर. त्याच्याकडे कोणीतरी माझ्यासारखा मूर्ख, छान चोपडून, शर्ट वर करून उभा राहील." बाबांनी स्वतःच शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. बोटं सुजली होती, वेळ लागत होता. भिंगरीने मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. मी करतो. पट्टीही काढायला सांग त्यांना. काही झाकून नको."

शिकाऊ डॉक्टर पडद्याबाहेर येऊन उभे राहिले. पांढरे कोट, नवे बूट, कुजबुज. बाबा पलंगावर ताठ बसले. अंगावर नुसती हाफ पँट.

"भिंगरे, पडदा सार."

तिने पडद्याला हात घातला. पडद्याच्या आत कोणी यायचं नाही, हेच तर ती जन्मभर ऐकत आली होती. तिने एका झटक्यात तो पूर्ण बाजूला ओढला आणि मग पलंगाच्या डोक्याशी उभी राहून एकेका चेहऱ्याकडे रोखून बघू लागली. कोणी नाक मुरडतंय का? कोणी नजर चोरतंय का? एक जण अर्धं पाऊल मागे सरकला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो होता त्याच्याही पुढे आला.

"काम अजून अर्धवट आहे," बाबा त्यांना म्हणाले. "पण बघा. आणि लांबून नका बघू. जवळ या, हात लावा. लागण होत नाही कोणाला."

मग एक मुलगी पुढे आली, दिसायला भिंगरीपेक्षा फार मोठी नाही. स्टूल ओढून बाबांसमोर बसली, हातमोजे घातले, कमरेवरच्या चट्ट्यावर हलकेच बोटं टेकवली आणि सवयीने, पुस्तकात शिकवतात तसं, विचारलं, "काका, तुम्ही काम काय करता?"

भिंगरीच्या डोक्यात सणक गेली. तिने तोंड उघडलं. पण बाबांनी न वळता, मागे हात करून, तिचं मनगट धरलं.

"सांगतो ना, बाळा," ते त्या मुलीला म्हणाले. "पण आधी नीट बघून घे."